पेढीचा सर्व्हर बदलताना : आधी खाते, मग यंत्र

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत सुताचा व कोऱ्या कापडाचा व्यवहार करणाऱ्या मध्यम पेढीत आज सहा ते दहा संगणक असतात. हिशेबाच्या टेबलावर तीन-चार, गोदामात एक, मालकाच्या गादीजवळ एक. आणि कुठेतरी जिन्याखाली किंवा कपाटामागे एक पेटी रात्रंदिवस गुणगुणत असते. तिला सर्व जण सर्व्हर म्हणतात. तिच्याकडे कोणी पाहत नाही, कारण ती काही मागत नाही. पेढीची सारी येणी-देणी मात्र तिच्या पोटात असतात.

ही पेटी बदलण्याची वेळ अनेक पेढ्यांवर एकदमच आली आहे. विंडोज सर्व्हर २०१२ आणि त्याचीच सुधारित आवृत्ती २०१२ आर-२ यांची मुदत १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. सर्व्हर २०१६ साठी कंपनीने १२ जानेवारी २०२७ ही तारीख दिली आहे, २०१९ साठी ९ जानेवारी २०२९ आणि २०२२ साठी १४ ऑक्टोबर २०३१. आपल्या पेढीतील यंत्रावर यांपैकी काय चालते हे पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. लेख पुढे वाचण्यापूर्वी मुनिमांना हा एक प्रश्न विचारून घ्यावा.

मुदत संपली म्हणजे यंत्र बंद पडत नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. मुदत संपण्याचा अर्थ एवढाच की त्यात नवे भोक सापडले तर ते बुजवण्याचे साहित्य कंपनी यापुढे फुकट पाठवणार नाही. भोक पडलेले घर चोर येईपर्यंत शाबूतच दिसते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा उपद्रव जगभर पसरला. त्याने संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या आणि चावीसाठी प्रत्येक यंत्रामागे ३०० डॉलर मागितले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्यात कोलमडले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवण्याचे साहित्य मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिले होते. ज्यांनी ते लावले नाही त्यांना, आणि ज्यांच्या जुन्या विंडोजची मुदतच संपली होती त्यांना फटका बसला. विशेष म्हणजे तो एका संगणकात शिरला की फायली वाटून घेण्याच्या मार्गानेच शेजारच्या संगणकात जात असे, कोणी काही उघडण्याची गरज नव्हती. आपल्या कचेरीत सगळे संगणक एकमेकांना त्याच मार्गाने जोडलेले असतात.

आता प्रश्न नवे यंत्र कोणते घ्यावे हा. दुकानदाराकडे गेलात तर तो लगेच प्रोसेसरचे नाव आणि किंमत सांगेल. आमचे मत असे की तो शेवटचा प्रश्न आहे. सर्व्हर बदलणे हा खरेदीचा व्यवहार कमी आणि गोदाम हलवण्याचा व्यवहार जास्त आहे. गोदाम हलवताना आपण नवी जागा किती चकचकीत आहे ते नंतर पाहतो. आधी जुन्या जागेत किती तागे, किती बीम, कोणाचा माल जाकड आहे आणि कोणाचा मजुरीवर आलेला आहे याची मोजदाद करतो. तीच रीत येथे लावावी. पेढीच्या वहीत केवळ आपला पैसा नसतो. विणकराची राहिलेली मजुरी, दलालाची दलाली, सूतवाल्याचे देणे, कोणी विश्वासाने ठेवलेली रक्कम हे सर्व त्यात असते. ती दुसऱ्यांची अमानत आहे. यंत्र गेले तर नवे मिळते. पण खाते गेले तर कोणाचे किती हे सांगणार कोण?

मोजदाद

एक साधी वही घ्यावी आणि मुनीम व संगणक दुरुस्त करणारा मुलगा यांना बरोबर घेऊन सर्व टेबलांवर फिरावे. प्रत्येक टेबलावर विचारावे : तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय उघडता? उत्तर बहुधा 'टॅली' एवढेच येते. तेवढ्यावर समाधान मानू नये. शेजारी अर्धा तास बसले म्हणजे खरे कळते. जीएसटीचे पान, ई-वे बिल, बँकेचे पान, डिजिटल सहीची किल्ली, तागा मोजणीची एक्सेलची शीट, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात काळ्या पडद्यावर चालणारा एखादा जुना प्रोग्राम.

या जुन्या प्रोग्रामबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पेढ्या अडतात त्या इथेच. १९९० च्या दशकात कापडाच्या गावांत कोणा हुशार मुलाकडून फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहून घेण्याची चाल होती. विणकराची मजुरी, बीमचा हिशेब, वजनातील घट, हे टॅलीत जसे हवे तसे बसत नसे. तो मुलगा पुढे दुबईला किंवा पुण्याला निघून गेला, प्रोग्राम मात्र चालू राहिला. तो डॉसचा प्रोग्राम होय. ६४ बिटच्या विंडोजवर तो सरळ चालत नाही. सर्व्हरचे विंडोज २००९ साली आलेल्या २००८ आर-२ या आवृत्तीपासून फक्त ६४ बिटचेच येते, आणि विंडोज ११ सुद्धा तसेच. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती होती, तिच्या आधाराने पुष्कळ ठिकाणी हा जुना कारभार आजवर तगला. ती वाट आता बंद झाली. म्हणजे नवे यंत्र आणले, जुने उचलले, आणि शनिवारी मजुरी वाटायची वेळ आली तेव्हा कळते की हिशेबाचा पडदाच उघडत नाही.

याला उपाय आहेत. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्राम नव्या यंत्रात जुन्या डॉसचे सोंग उभे करतो, त्यात फॉक्सप्रो बहुतेक चालतो. छापाईची खटपट मात्र करावी लागते. दुसरा उपाय जुन्या संगणकाची पूर्ण प्रतिमा घेऊन तो नव्या यंत्राच्या पोटात आभासी संगणक म्हणून चालवणे, आणि त्याला इंटरनेट मुळीच न देणे. तिसरा व खरा उपाय म्हणजे जुनी माहिती बाहेर काढून नवा प्रोग्राम लिहून घेणे. फॉक्सप्रोच्या फायली, ज्यांच्या नावाच्या शेवटी डीबीएफ असते, त्या एक्सेलमध्ये आणि लिब्रे ऑफिस या मोफत संचातही उघडतात. तेव्हा माहिती अडकून पडली असे समजू नये, अडकलेला असतो तो फक्त प्रोग्राम. ज्यांचा प्रोग्राम डॉसचा नसून व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आहे त्यांचे काम सोपे. तो नव्या विंडोजवर सहसा चालतो, पण त्याचीही मुदत जानेवारी २०१५ मध्येच संपली आहे. एकंदरीत नव्या यंत्राची ऑर्डर देण्याआधी एक नवा संगणक उसना आणून हा जुना प्रोग्राम त्यावर चालतो की नाही ते पाहावे. दोन तासांचे काम आहे.

अक्षरांचेही असेच. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांच्या पेढ्यांत पत्रव्यवहार इनपेजमध्ये झालेला असतो, मराठी पत्रे श्री-लिपीत. ही जुनी पत्रे युनिकोडमध्ये नाहीत. नव्या यंत्रावर तो प्रोग्राम आणि ते फॉन्ट नसतील तर पत्राच्या जागी चौकोन आणि चिन्हांची रांगोळी दिसते. भागीदारीचा करारनामा किंवा जागेच्या भाड्याचे कागद असे असतील तर ते जुन्या यंत्रावरच उघडून पीडीएफ करून ठेवावेत.

छापखान्याची बाब राहिली. बिलासाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून पुष्कळ पेढ्यांत आहे, आणि तो असावाही, कारण कार्बनची प्रत दुसऱ्या कोणत्या प्रिंटरवर निघत नाही. पण जुन्या प्रिंटरची रुंद केबल लावायची जागा नव्या संगणकांना बहुधा नसते. वेगळे कार्ड किंवा जोड-केबल आधीच मागवावी. टॅलीचा परवाना एका यंत्रावर चालू केलेला असतो. तो जुन्या यंत्रावरून परत करून मग नव्यावर चालू करायचा असतो. परवान्याचा क्रमांक आणि तो ज्या ई-मेल पत्त्यावर नोंदवला आहे तो पत्ता वहीत लिहून घ्यावा. तो पत्ता सोडून गेलेल्या जुन्या मुनिमाचा असणे ही फार सामान्य गोष्ट आहे.

सर्व्हर खरोखर हवा का?

चार संगणकांच्या पेढीला दुकानदार सर्व्हर विकतो तेव्हा तो खोटे बोलतो असे नाही, पण गरजेपेक्षा मोठे माप देतो. साधे विंडोज प्रो एका वेळी २० जोडण्यांपर्यंत फायली वाटू देते. चार-पाच जणांनी टॅली उघडण्यासाठी एक चांगला संगणक, त्यात प्रो आवृत्ती आणि दोन डिस्क, एवढ्यात भागते. फक्त तो संगणक कोणाच्या बसण्याच्या टेबलावर नसावा. त्यावर कोणी चित्रपट पाहू नये, ई-मेल उघडू नये.

माणसे आठ-दहा झाली, गोदाम वेगळे झाले, कोणी काय पाहावे याला मर्यादा घालायची झाली, की खरा सर्व्हर उपयोगी पडतो. येथे परवान्याचे गणित समजून घ्यावे. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीत यंत्राचा परवाना वेगळा आणि त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा प्रत्येक संगणकाचा परवाना वेगळा असतो. कोटेशनमध्ये पहिलाच लिहिलेला असतो आणि दुसऱ्याची आठवण नंतर होते. इसेन्शियल्स नावाची लहान आवृत्ती नव्या यंत्राबरोबरच मिळते, तिच्यात २५ माणसांपर्यंत वेगळा परवाना लागत नाही. आपल्या धंद्यातील बहुतेकांना ती पुरे. दुकानदाराला नाव घेऊन विचारावे, कारण तो आपण होऊन सांगेलच असे नाही. चोरीच्या प्रतीबद्दल आम्ही एवढेच लिहितो की तिचे कुलूप उघडणारा जो छोटा प्रोग्राम मिळतो त्यातूनच पुष्कळदा उपद्रव आत येतो. ज्याच्या हाती तिजोरी द्यायची तोच बनावट नावाने नोकरीला ठेवण्यासारखे हे आहे.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतःचे यंत्र न ठेवता भाड्याचे घेणे, ज्याला क्लाउड म्हणतात. सुरतेला, पालीला जाणाऱ्या मालकाला ते सोयीचे वाटते, कुठूनही खाते उघडते. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. पण महिन्याचे भाडे ऐकून निर्णय करू नये. सर्व्हर पाच वर्षे चालतो, तेव्हा त्या भाड्याला ६० ने गुणावे, इंटरनेटची दुसरी जोडणी घ्यावी लागेल तिचा खर्च मिळवावा आणि मग स्वतःच्या यंत्राशी तुलना करावी. कधी हे स्वस्त पडते, कधी ते. आणि भाडे थकले तर आपले खाते आपल्याला किती दिवसांत आणि कोणत्या रूपात परत मिळेल हे करारात वाचावे.

बाहेरगावाहून खाते पाहण्यासाठी काही तंत्रज्ञ एक घातक सोय करून देतात. सर्व्हरचा दूरचा पडदा ते थेट इंटरनेटवर उघडून ठेवतात. हे म्हणजे रस्त्याकडे तोंड करून तिजोरीचे दार लावणे. कुलूप कितीही चांगले असले तरी रात्रभर कोणीतरी चाव्या लावून पाहणार. फायली कुलूपबंद करणाऱ्या टोळ्यांचा हा आवडता रस्ता आहे. बाहेरून यायचे असेल तर व्हीपीएन लावून घ्यावे, म्हणजे आधी आडव्या गल्लीचे दार आणि मग तिजोरीचे.

यंत्र, तार आणि वीज

यंत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दहा माणसांच्या हिशेबाला आजचा साधा टॉवर सर्व्हर पुरून उरतो. १६ जीबी मेमरी पुरे, माणसे सर्व्हरच्याच पडद्यावर येऊन काम करणार असतील तर ३२. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी डिस्क घ्यावी, आणि एकाऐवजी दोन, एकमेकींचा आरसा म्हणून. टॅलीचा फोल्डर आज किती जीबी आहे आणि तीन वर्षांपूर्वी किती होता हे पाहिले की पुढील पाच वर्षांचा अंदाज निघतो. हमी तीन वर्षांची आणि जागेवर येऊन दुरुस्तीची घ्यावी. मात्र माणूस कोठून येणार हे विचारावे. मालेगावच्या ग्राहकाला 'दुसऱ्या दिवशी' असे लिहून देतात, पण सुटा भाग नाशिकला आहे की मुंबईला यावर तो दुसरा दिवस ठरतो.

नवे यंत्र आणूनही 'काही फरक पडला नाही' अशी तक्रार ऐकू येते. त्याचे कारण पुष्कळदा स्विच नावाची ती छोटी डबी असते. जुनी डबी १०० मेगाबिटची असते. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा ती सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबाइट नेते. चार जीबीचा फोल्डर तिच्यातून न्यायला साडेपाच मिनिटे लागतात. हजार मेगाबिटची डबी तेच काम पाऊण मिनिटाच्या आत करते, आणि किमतीत फरक थोडा. नवे यंत्र घ्यायला पैसे नसतील त्यांनी निदान ही डबी बदलून पाहावी. तांब्याची तार १०० मीटरच्या पुढे नेऊ नये, मोटारींच्या वीजतारांना खेटून नेऊ नये. गोदाम रस्त्यापलीकडे असेल तर तांब्याऐवजी फायबर टाकावे. पावसाळ्यात वीज कडाडली की दोन इमारतींमधील तांब्याच्या तारेवरून झटका आत येतो.

विजेबाबत कापडाच्या गावांची अडचण वेगळी आहे. माग एकदम सुरू होतात तेव्हा दाब खाली येतो, बंद होतात तेव्हा उसळतो. साधा यूपीएस अशा वेळी टक टक करीत राहतो. सर्व्हरसाठी ऑनलाइन जातीचा घ्यावा, तो बाहेरची वीज कधीच सरळ यंत्राला देत नाही. हिशेब असा करावा : सर्व्हर १५० वॅट, स्विच व राउटर ३०, पडदा २०, एकूण २००. सात अँपियर-तासाच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांत कागदावर १६८ वॅट-तास असतात, म्हणजे ५० मिनिटे. प्रत्यक्षात वेगाने खेचल्याने वीस-पंचवीस मिनिटेच मिळतात. एवढा वेळ पुरे, पण तो काम करण्यासाठी नव्हे तर यंत्र नीट बंद करण्यासाठी. यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला लावली म्हणजे बॅटरी उतरत आली की सर्व्हर आपोआप बंद होतो. ही तार डब्यात तशीच गुंडाळलेली आम्ही अनेक कचेऱ्यांत पाहिली आहे. अर्थिंग मोजून घ्यावी. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी वायरमन, मग सर्व्हर.

यंत्राची जागा कारखान्याला लागून नसावी. कापसाची रुई पंख्यात जाते आणि वर्षभरात आत गादी तयार करते. जमिनीवर तर मुळीच ठेवू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मोसम, कामवारी या नद्यांचे पाणी कुठवर येते हे आपल्या लोकांना सांगायला नको.

प्रत म्हणजे काय, आणि काय नव्हे

दोन डिस्क आरसा म्हणून लावल्या म्हणजे आपली प्रत तयार झाली असे समजणारे फार. हा समज महागात पडतो. आरसा म्हणजे बिलबुकातील कार्बन. मुनिमाने वर चुकीचा आकडा लिहिला तर खाली तोच उमटतो. कोणी फोल्डर पुसला तर दोन्हीकडून पुसला जातो, चोराने कुलूप लावले तर दोन्हीला लागते. एक डिस्क जळाली तर काम थांबू नये एवढ्यासाठीच तो आरसा आहे.

प्रत वेगळी. जुना व जगभर मानलेला नियम असा : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी इमारतीबाहेर असावी. आपल्यापुरते त्याचे रूप असे की एक सर्व्हरवर, एक काढता येणाऱ्या डिस्कवर, एक इंटरनेटवर भाड्याच्या जागेत. काढता येणाऱ्या डिस्क दोन घ्याव्यात. आज एक लावली तर दुसरी मालकाच्या घरी, उद्या उलट. डिस्क सर्व्हरला कायम लावून ठेवू नये. ज्या डिस्कपर्यंत सर्व्हर पोहोचतो तिच्यापर्यंत उपद्रवही पोहोचतो. भिंतीत आणि खिशात ठेवलेल्या डिस्कपर्यंत मात्र तो जाऊ शकत नाही.

हे आवडीचे काम नाही, कायद्याचे आहे. जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणे संगणकावर वह्या ठेवणाऱ्याने अशी प्रत ठेवावी की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झाले तरी माहिती वाजवी मुदतीत परत उभी करता यावी. वह्या सांभाळायच्या त्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. ज्यांची पेढी प्रायव्हेट लिमिटेड आहे त्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, आणि दररोजची प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवावी लागते. क्लाउडवाल्याला हे विचारून घ्यावे.

प्रत आहे की नाही हे प्रत परत उघडल्याशिवाय कळत नाही. महिन्यातून एकदा घरची डिस्क आणून ती एखाद्या मोकळ्या संगणकावर उतरवावी, टॅली उघडावी, आणि चार आकडे पाहावेत : तेरजेची बेरीज, रोकड शिल्लक, शेवटच्या बिलाचा क्रमांक, गोदामातील एकूण तागे. जुळले तर वहीत तारीख घालून सही करावी. किती वेळ लागला तोही लिहावा. तो वेळ म्हणजे संकट आल्यावर आपली पेढी किती तास बंद राहील याचे उत्तर होय. ई-इन्व्हॉइस लागू असलेल्यांनी, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीच्या पेढ्यांनी, याचा विशेष विचार करावा. तेथे बिलाची नोंद झाल्याशिवाय माल हलत नाही. दहा कोटी व त्यावरील उलाढालीला तर १ एप्रिल २०२५ पासून ३० दिवसांचीच मुदत आहे.

बदलीचा दिवस

दिवस निवडताना पंचांगापेक्षा व्यापाराचे वेळापत्रक पाहावे. मार्चअखेर नको. महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीची, त्यांच्या आगेमागे नको. रमजानचा घाऊक माल शाबानमध्येच, कधी त्याही आधी निघू लागतो, आणि २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षी रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वर्षअखेरीच्या गर्दीतच. दिवाळीची तीच गोष्ट. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. तेव्हा गुरुवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ हा काळ आपल्यासाठी उत्तम.

त्याआधी एक आठवडा रंगीत तालीम करावी. जुना सर्व्हर चालू ठेवून त्याची प्रत नव्यावर उतरवावी आणि दोन जणांना त्यावर दिवसभर खोटी बिले करू द्यावीत. प्रिंटर, डिजिटल सही, गोदामाचा संगणक, फॉक्सप्रो, जे अडायचे ते तेव्हाच अडते. मग हे सर्व पुसावे.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची नोंद झाली की सर्व टेबले बंद करावीत आणि वर सांगितलेले चार आकडे कागदावर छापून मुनीम व मालक दोघांनी सही करावी. दोन डिस्कवर दोन प्रती. त्यानंतर जुन्या सर्व्हरची नेटवर्कची तार काढून टाकावी. ही तार राहिली तर शनिवारी एखादे टेबल सवयीने जुन्याच सर्व्हरवर जाते, अर्धी बिले इकडे आणि अर्धी तिकडे होतात, आणि दोन खतावण्या एक करणे हे अख्ख्या बदलीपेक्षा अवघड काम होऊन बसते. नव्या सर्व्हरला जुन्याचेच नाव आणि तोच अंकी पत्ता द्यावा, म्हणजे प्रत्येक टेबलावर फेरफार करावे लागत नाहीत.

शुक्रवारी माहिती उतरवणे, परवाना चालू करणे, माणसांची नावे भरणे. या निमित्ताने एक जुनी सवय सोडता येते. सगळ्यांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड ठेवण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचे नाव द्यावे. गोदामातल्या मुलाला तागे दिसावेत, व्याजाचे खाते दिसू नये. रोजचे काम करणाऱ्या कोणालाही, मालकालाही, सर्वाधिकाराचा पासवर्ड वापरू देऊ नये. तो लखोट्यात बंद करून तिजोरीत ठेवावा. नोकरी सोडणाऱ्याचे नाव त्याच दिवशी बंद करता येते, याची किंमत पुढे कळते.

शनिवारी सकाळी गुरुवारचा कागद समोर धरून चारही आकडे मिळवावेत. एक रुपयाचा फरक असला तरी टेबले उघडू नयेत. एक बिल छापावे, एक ई-वे बिल काढावे, मगच सर्वांना बसू द्यावे. आणि परतीची वेळ आधी ठरवून ठेवावी : उदाहरणार्थ, असरपर्यंत मिळवणी झाली नाही तर नवे बंद, जुन्याची तार परत लावून सोमवारपासून नेहमीचे काम, आणि दुसरा प्रयत्न पुढच्या शुक्रवारी. ही वेळ ठरलेली नसली की तंत्रज्ञ 'अजून एक तास' म्हणत रात्र काढतो.

पहिले पंधरा दिवस तंत्रज्ञाचा हिशेब पूर्ण चुकता करू नये, हे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे. या काळात रोज संध्याकाळी मुनिमाने आकडे पाहावेत. पहिली महिनाअखेर आणि पहिले जीएसटी विवरण नव्या यंत्रावरून गेले की बदली पुरी झाली असे मानायला हरकत नाही. संगणकावरील १८ टक्के जीएसटीचा परतावा नियमित नोंदणी असलेल्यांना मिळतो, कंपोझिशनवाल्यांना नाही. घसाऱ्याचा हिशेब सीएला विचारून मगच खरेदीची तारीख ठरवावी.

जुने यंत्र लगेच भंगारात देऊ नये. निदान एक वार्षिक हिशेब तपासून होईपर्यंत ते तार काढून, कापडात गुंडाळून, उंचावर ठेवावे. द्यायचे तेव्हा डिस्क काढून घ्यावी. फायली पुसल्याने त्या जात नाहीत, वरचे नाव फक्त जाते. आणि भंगाराच्या बाजारात डिस्क चालू स्थितीत विकली जाते. फिरत्या तबकडीची डिस्क उघडून तबकड्या फोडाव्यात, एसएसडी असेल तर आतील काळ्या चिपांवर हातोडी मारावी. उरलेली पेटी नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे द्यावी आणि पावती फाइलला लावावी.